एका कानात आवाज कमी येतोय? आधी दोष कुणाचा ते ओळखा

पुण्याहून मुलीचा फोन आलाय. इयरबड्स दोन्ही कानांत आहेत. उजवीकडे तिचा आवाज स्वच्छ येतो, पण डावीकडे ती शेजारच्या खोलीतून बोलत असल्यासारखे वाटते. तुम्ही आवाज वाढवता. डाव्या कानाला जरा बरे वाटते, पण उजव्या कानाला आता तोच आवाज टोचू लागतो. शेवटी एक बड काढून डबीत ठेवता आणि एकाच कानावर काम भागवता.

तुमच्याही घरी असे होत असेल तर इयरबड्स खराब झाले म्हणून नवे मागवण्याची घाई करू नका. डाव्या-उजव्या आवाजातला हा फरक बऱ्याचदा घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता दूर होतो. आणि जेव्हा होत नाही, तेव्हा तो कधीकधी एक महत्त्वाची गोष्ट सांगत असतो. ती वेळेवर ऐकायला हवी.

झाशीत राहणाऱ्यांनी तर याकडे थोडे जास्तच लक्ष द्यावे. नारो शंकरांच्या सुभेदारीपासून या शहरात मराठी घरे आहेत. बाहेर हिंदी-बुंदेली आणि घरात मराठी, असे त्यांचे चालत आले आहे. आज अनेकांची मुले-नातवंडे शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे आहेत आणि घरातले मराठी बोलणे बरेचसे फोनवर आले आहे. त्यात इथला उन्हाळा! धूळ, घाम आणि ऊन हे तिन्ही या इवल्याशा यंत्राचे शत्रू आहेत.

संशयित तीन

आवाज कमी-जास्त येण्यामागे तिघांपैकी एकाचा हात असतो. पहिला फोन, म्हणजे त्यातली एखादी सेटिंग. दुसरा बड, म्हणजे त्यातला मळ, चार्जिंग किंवा बिघाड. तिसरा संशयित आपण सहसा धरतच नाही. तो म्हणजे आपला स्वतःचा कान.

गंमत अशी की तिघांचेही लक्षण एकच असते. त्यामुळे नुसते ऐकून दोष कुणाचा हे कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी करा.

पाच मिनिटांची अदलाबदल चाचणी

आधी फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा. ही सेटिंग कुठे असते ते पुढे दिले आहे. स्टीरिओमध्ये डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा आवाज मिळतो. काही जुन्या स्टीरिओ गाण्यांत तर गायकाचा आवाज मुद्दाम एकाच बाजूला ठेवलेला असतो. अशा गाण्यावरून बड तपासला तर चांगल्या बडवरही आळ येईल. मोनोमध्ये दोन्हीकडे अगदी एकच आवाज जातो. मग बातम्या किंवा कुणाचे भाषण लावा. माणसाच्या बोलण्यातला फरक कानाला चटकन कळतो.

पहिली पायरी : बड्स नेहमीसारखे घाला आणि कोणत्या बाजूला आवाज कमी आहे ते पाहा. समजा, डावीकडे कमी आहे.

दुसरी पायरी : बड्सची अदलाबदल करा. ‘एल’ लिहिलेला बड उजव्या कानाशी आणि ‘आर’ लिहिलेला डाव्या कानाशी धरा. ते नीट बसणार नाहीत, म्हणून कडेला धरून दोन्ही सारखेच टेकवा. आवाज थोडा पातळ वाटेल, पण आपल्याला फक्त डावे-उजवे ताडून पाहायचे आहे.

तिसरी पायरी : तेच बड्स घरातल्या दुसऱ्या फोनला जोडा, तिथेही मोनो सुरू करा आणि पुन्हा ऐका.

आता निकाल पाहा. अदलाबदल केल्यावर कमी आवाज बडबरोबर उजव्या कानात गेला, पण दुसऱ्या फोनवर सगळे ठीक वाटले, तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्या फोनवरही तोच बड मंद असेल, तर दोष बडचा. आणि बड बदलला, फोन बदलला, तरी डाव्या कानालाच कमी ऐकू येत असेल, तर बड निर्दोष आहे. आता कानाकडे वळा.

दोष फोनचा असेल तर

फोनमध्ये डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज कमी-जास्त करणारी एक पट्टी असते. फोन लहान मुलाच्या हातात गेला, की ती नकळत सरकू शकते.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जा. सॅमसंगच्या फोनमध्ये पुढे ‘हिअरिंग एन्हान्समेंट्स’ असे लिहिलेले दिसेल. गुगल पिक्सेलमध्ये ‘ऑडिओ अ‍ॅडजस्टमेंट’ असते. बाकी फोनमध्ये नाव थोडे वेगळे असू शकते. सापडले नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘बॅलन्स’ किंवा ‘मोनो’ लिहून शोधा. पट्टी बरोबर मध्यावर आणा. सॅमसंगमध्ये फोनच्या स्पीकरची आणि जोडलेल्या इयरबड्सची पट्टी वेगवेगळी असते, तेव्हा योग्य तीच हलवा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि मग ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’ असे जा. मोनो ऑडिओ आणि बॅलन्सची पट्टी दोन्ही तिथेच आहेत.

पट्टी मध्यावरच आहे, तरी फरक पडत नाही? मग फोन एकदा बंद करून सुरू करा. इक्वलायझर किंवा आवाज वाढवणारे एखादे अ‍ॅप घेतले असेल, तर ते बंद करून पाहा. अँड्रॉइडवर अजून एक उपाय आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’ असतो. त्यावर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यात ‘डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ सुरू केले, की फोनचा आणि बड्सचा आवाज स्वतंत्र होतो. मग बड्स काढून पुन्हा जोडा. उपयोग झाला नाही तर ही सेटिंग होती तशी करा आणि त्या पानावरच्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

दोष बडचा असेल तर

सुरुवात सफाईपासून करा. बडच्या तोंडाशी बारीक जाळी असते. कानातला मळ आणि धूळ तिच्यावर बसली की आवाज हळूहळू दबत जातो. एका कानात मळ जास्त होत असेल, तर तोच बड आधी मंद होतो. उजेडात धरून दोन्ही जाळ्या शेजारी शेजारी पाहा. फरक डोळ्यांना दिसेल.

रबरी टोपी असेल तर ती काढून पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. बडची जाळी मात्र नेहमी कोरडीच साफ करायची. बड उलटा, म्हणजे जाळी खाली येईल असा धरा आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने हलकेच झाडा. त्यामुळे मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी किंवा सुई घालू नका, जाळी फाटते. तोंडाने फुंकू नका, वाफेचा ओलावा आत जातो.

मग चार्जिंग पाहा. बडच्या बुडाशी आणि डबीत धातूचे छोटे ठिपके असतात. त्यांवर घामाचा थर बसला की तो बड डबीत असूनही चार्ज होत नाही. दोन्हीकडचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. फोनवर दोन्ही बड्सची बॅटरी वेगवेगळी दिसत असेल, तर त्या आकड्यांत मोठा फरक आहे का तेही पाहा.

रबरी टोपीचे मापही महत्त्वाचे. दोन्ही कानांची भोके अगदी सारखी असतीलच असे नाही. टोपी सैल बसली की तबल्याचा डग्गा, ढोलक असे खालच्या पट्टीतले आवाज बाहेर निसटतात आणि तो कान ‘रिकामा’ वाटतो. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टोपी घालायला काहीच हरकत नाही.

एवढे करूनही फरक राहिला तर बड्स नव्याने जोडा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्यांचे नाव ‘फर्गेट’ करा, दोन्ही बड्स डबीत ठेवा आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे रीसेट करा. रीसेटची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. रीसेट करताना दोन्ही बड्स डबीत हवेत, म्हणजे त्यांची जोडी पुन्हा नीट जमते. फक्त कॉलच्या वेळीच आवाज एका बडमध्ये येत असेल, तर मात्र तो बिघाड नसेलही. काही जुन्या मॉडेलची रचनाच तशी असते.

झाशीचा उन्हाळा आणि इयरबड्स

मे २०२४ मध्ये झाशीत पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. अ‍ॅपल आपल्या एअरपॉड्ससाठी वापरताना ० ते ३५ अंश आणि ठेवताना जास्तीत जास्त ४५ अंश तापमान सांगते. म्हणजे तशा दुपारी सावलीतली हवासुद्धा या मर्यादेपलीकडे होती. मग उन्हात उभी गाडी किंवा स्कूटरची डिकी आतून किती तापत असेल! उष्णतेने बडमधली छोटी बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि दोन्ही बड्सच्या बॅटऱ्या सारख्या वेगाने म्हाताऱ्या होतात असे नाही.

म्हणून उन्हाळ्यात डबी गाडीत ठेवू नका. घामेजलेले बड्स रुमालाने पुसून मगच डबीत ठेवा. बाजारातून धुळीतून आल्यावर डबीचे झाकण उघडून आत एक नजर टाका.

दोष कानाचा असेल तर

आता सर्वात महत्त्वाचे. बड बदलून, फोन बदलूनही एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, तर पट्टी सरकवून आवाज ‘सारखा’ करून घेण्याचा मोह होतो. तसे करू नका. त्याने कारण झाकले जाते. शिवाय पट्टी न सरकवता नुसता आवाज वाढवत गेलात, तर चांगल्या कानावर विनाकारण भार पडतो.

कारण साधे असू शकते. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. तासन्‌तास बड्स घातले की त्याची वाट अडते आणि तो आतच साचतो. पण काडी, हेअरपिन किंवा गरम तेल हे घरगुती उपाय टाळा. मळ आणखी आत ढकलला जातो किंवा पडद्याला इजा होते. कान-नाक-घशाचे डॉक्टर तो सहज काढून देतात.

एका प्रसंगात मात्र वाट पाहू नका. काल-परवापर्यंत चांगला असलेला कान एकाएकी मंद झाला, सकाळी उठल्यावर एका बाजूला ऐकू येईनासे झाले, सोबत कानात शिट्टी वाजू लागली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानाच्या आतल्या भागाला किंवा नसेला अचानक इजा होऊन तीन दिवसांच्या आत श्रवणशक्ती घटू शकते. यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडतात. दोन आठवडे उलटले की संधी कमी होत जाते. सर्दी असेल, इयरबड बिघडला असेल, असे म्हणत लोक नेमके हेच दिवस घालवतात. अदलाबदल चाचणीचा खरा फायदा इथे आहे. बड निर्दोष आहे हे पाच मिनिटांत कळते आणि पुढचे दिवस वाचतात. झाशीत महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे, आणि खासगी तज्ज्ञही आहेत.

दोन्ही कान चांगले असतील तर ते तसेच राहावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे गणित लक्षात ठेवा. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. फोनवर आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांखाली ठेवणे ही सोपी सवय.

आजी-आजोबांसाठी

डॉक्टरांनी तपासले आणि एका कानाला कायमचे कमी ऐकू येते असे सांगितले, तर मोनो ऑडिओ फार कामाचा आहे. स्टीरिओमध्ये अर्धे वाद्य किंवा एखाद्या पात्राचे बोलणे नेमके कमजोर कानाकडे गेले की ते हरवते. मोनोमध्ये सगळे दोन्ही कानांना मिळते. बॅलन्सची पट्टी किती सरकवावी हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरातल्या नातवंडांनी ही सेटिंग एकदा करून द्यावी आणि आजीला विचारावे, “आता कोणत्या कानात बरे वाटते?” वाढत्या वयात ‘मला कमी ऐकू येते’ असे स्वतःहून सांगायला माणसे कचरतात. ‘या बडमध्ये आवाज येत नाही’ असे सांगणे त्यांना सोपे जाते. तेव्हा आजीने तशी तक्रार केली तर तिच्यासमोर बसून अदलाबदल चाचणी करा.

दुकानात जाण्यापूर्वी

सफाई, चार्जिंग, रीसेट हे सगळे होऊनही बड मंदच असेल तर बिल शोधा आणि वॉरंटी पाहा. वॉरंटीत असलेला बड बाहेर उघडून घेऊ नका, हक्क जाऊ शकतो. आत लिथियमची बॅटरी असल्याने घरीही उघडू नका. वॉरंटी संपली असेल तर एकच बड वेगळा विकत मिळतो का ते कंपनीला विचारा. काही कंपन्या देतात. वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने पाच मिनिटे काढून ही चाचणी करून पाहा. बड खराब निघाला तर फार तर काही हजारांचा प्रश्न आहे. कानाचे काही निघाले, तर ते आज कळलेले केव्हाही बरे.