कायदा घडताना : विधेयक शेवटून वाचायला घ्यावं

या आठवड्यात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीबद्दल लिहिणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एका वाचकांच्या पत्रातला प्रश्न आधी घ्यायला हवा. पुरःस्थापनेवरचा, म्हणजे विधेयक सभागृहात मांडण्यावरचा, मागचा लेख वाचून ते विचारतात, की नवं विधेयक संसदेच्या संकेतस्थळावर मिळतं हे ठीक, पण कायदा न शिकलेल्या माणसाने तीस-चाळीस पानांचा तो मजकूर वाचायला सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर आहे, शेवटून. कलमं संपली म्हणजे विधेयक संपलं असं नसतं. त्यामागे उद्देश व कारणं यांचं निवेदन असतं, त्याखाली मंत्र्यांचं नाव आणि तारीख असते. मग बऱ्याचदा एकेका कलमावरच्या टिपा, त्यानंतर वित्तीय ज्ञापन, मग नियम करण्याचे अधिकार सरकारकडे सोपवण्यासंबंधीचं ज्ञापन, आणि जुना कायदा दुरुस्त होत असेल तर त्यातल्या संबंधित कलमांचा उतारा देणारं जोडपत्र. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा राजपत्रात छापला जातो तेव्हा ही पानं त्यात नसतात. म्हणून ती वाचायची वेळ विधेयक मांडलं जातं तीच.

या पानांपैकी वर्तमानपत्रं जवळजवळ फक्त पहिलं वाचतात. विधेयक मांडल्याच्या दुसऱ्या दिवशीची बातमी उद्देश व कारणांच्या निवेदनावर उभी असते, कारण ते सोप्या भाषेत असतं आणि दोन पानांत आटपतं. पण ते सरकारने स्वतः मांडलेलं समर्थन असतं. कायद्याचा अर्थ लावताना न्यायालय त्याला किती किंमत देतं ते पाहिलं, तर आपणही तेवढीच द्यावी हे पटेल. १९५२ साली अश्विनीकुमार घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलमाचा अर्थ लावायला या निवेदनाचा आधार घेता येणार नाही. मांडलेल्या हेतूनुसारच विधेयक शेवटी मंजूर होईल याची खात्री काय? विधेयक मांडलं गेलं तेव्हाची परिस्थिती समजून घेण्यापुरतं ते पाहायला हरकत नाही, एवढी सवलत नंतर सुबोध गोपाल बोस खटल्यात मिळाली. त्याच्या पुढे मोठंसं काही नाही.

वित्तीय ज्ञापनावरून झरकन पुढे जातो. खर्चाचं विधेयक असेल तर आवर्ती आणि अनावर्ती खर्चाचा अंदाज त्यात द्यावा, असं लोकसभेच्या कामकाजाचा नियम ६९ सांगतो, आणि हा अंदाज स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. मला थांबायचं आहे ते नियम ७० वर. विधेयकात सरकारला नियम करण्याचे अधिकार दिले असतील, तर ते कोणत्या बाबतीत आणि किती आहेत हे सांगणारं ज्ञापन जोडणं या नियमाने सक्तीचं केलं आहे. त्यात कलमांचे क्रमांक देऊन विषयांची यादी असते. शेवटी बहुतेक विधेयकांत ठरावीक आशयाचं वाक्य येतं : या साऱ्या कार्यपद्धतीच्या किंवा प्रशासकीय तपशिलाच्या बाबी आहेत, त्यामुळे सोपवलेले अधिकार सर्वसामान्य स्वरूपाचे आहेत. माझा मुद्दा हाच, की या वाक्याची प्रत्येक विधेयकात वाचकाने स्वतः तपासणी करावी. यादीतला एकेक क्रमांक घ्यायचा, मागे जाऊन ते कलम काढायचं, आणि एकच प्रश्न विचारायचा : इथे अर्जाचा नमुना ठरायचा राहिला आहे, की माझा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच ठरायचं राहिलं आहे?

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकावर हा प्रयोग करून पाहू. ते ३ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडलं गेलं, ७ तारखेला तिथे आणि ९ तारखेला राज्यसभेत मंजूर झालं, ११ ला संमती मिळाली. कलमं चव्वेचाळीस. नियम करण्याचे विषय कलम ४० मध्ये दिले आहेत आणि ती यादी लांबलचक आहे. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला कळवायचं, पण कोणत्या नमुन्यात आणि कसं, ते नियमांनी. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, पण ती पडताळायची कशी, तेही नियमांनी. पहिली बाब तपशिलाची आहे हे मी मान्य करतो. दुसरी तशी नाही. पडताळणीसाठी पालकांचं ओळखपत्र मागायचं की नाही, यावर कोट्यवधी घरांतली आणखी किती माहिती कंपन्यांच्या हाती जाणार हे ठरतं. हे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. खासदारांनी मंजुरी दिली तेव्हा कायद्याचा हा भाग कोरा होता.

याहून गंभीर बाब नियमांच्या यादीत सापडत नाही, कारण तिथे अधिकार अधिसूचनेने वापरायचा आहे. देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून हा कायदा लागू होण्यापासून वगळू शकतं, असं कलम १७ म्हणतं. कोणते नियम आणि कोणत्या अधिसूचना सभागृहांपुढे ठेवायच्या ते कलम ४१ सांगतं. नियम सगळे ठेवायचे, अधिसूचना मात्र फक्त कलम १६ आणि ४२ खालच्या. कलम १७ त्यात नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यातही राज्यसंस्थेला सूट होती, पण त्यासाठी संसदेने केलेला कायदा हवा, आणि माहितीचा वापर गरजेपुरता व प्रमाणात हवा, अशा अटी होत्या. पाच वर्षांत त्या अटी गेल्या आणि त्यांच्या जागी अधिसूचना आली. कलम ४१ ची ती एक ओळ वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. पाचशेहून अधिक माणसांच्या सभागृहाने अर्जांचे नमुने आणि शुल्कं ठरवत बसायचं का? तंत्रज्ञान बदललं की दर वेळी कायदा दुरुस्त करायचा का? नाही, आणि न्यायालयानेही तसं कधी म्हटलेलं नाही. १९५१ च्या दिल्ली कायदे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिकार सोपवायला मान्यताच दिली. मात्र धोरण ठरवण्याचं मुख्य काम विधिमंडळाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, ही मर्यादाही घातली. ही मर्यादा कागदावरच राहिली नाही. औषधांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात कोणत्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही त्यांची नावं होती आणि शेवटी ‘नियमांत नमूद केला जाईल असा अन्य कोणताही आजार’ अशा आशयाचे मोजके शब्द होते. तो आजार कोणत्या कसोटीवर निवडायचा, ते कायदा सांगत नव्हता. हमदर्द दवाखाना खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने ते शब्द रद्द केले. संसदेने १९६३ मध्ये कायदा दुरुस्त करून घेतला. आक्षेप घेण्यासारखी जागा अर्ध्या ओळीचीही असू शकते, हे यातून दिसतं.

दुसरा आक्षेप असा, की नियम नंतर सभागृहांपुढे ठेवले जातातच. ठेवले जातात, अधिवेशनाचे एकूण तीस दिवस. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर ते बदलता किंवा रद्द करता येतात. पण तोवर त्या नियमांखाली जे घडलं ते वैधच राहतं, आणि नियम पुढ्यात येईपर्यंत किती काळ जाईल याचा भरवसा नसतो. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ९ डिसेंबर २०१९ रोजी मांडलं गेलं आणि तीन दिवसांत त्याला संमतीही मिळाली. कोणते धर्म, कोणते तीन देश, कोणती मुदत, हे सगळं कायद्यात होतं. अर्जदाराने पुराव्यादाखल कोणते कागद दाखवायचे, ते नव्हतं. अर्ज करणाऱ्या निर्वासिताच्या दृष्टीने सारं त्यावरच अडलेलं. ती यादी ११ मार्च २०२४ च्या नियमांत आली.

आता शेवटचं पान, जोडपत्र. विदा विधेयकाच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. नवा मजकूर जेमतेम एका ओळीचा, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती द्यायची नाही एवढाच. तो एकटा वाचला तर निरुपद्रवी वाटतो. जुनं कलम शेजारी ठेवलं की काय गेलं ते दिसतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण ठरेल अशीच वैयक्तिक माहिती नाकारता येईल ही अट गेली, आणि संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये हे परंतुकही गेलं. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, असं सरकारचं म्हणणं आहे. ती आहे हे खरं. पण अधिकाऱ्याच्या सार्वजनिक कामाशी निगडित माहिती पूर्वी या अपवादात आपोआप बसत नव्हती. आता ती आधी अपवादात जाते आणि तिथून बाहेर काढण्यासाठी लोकहित पटवून देण्याची वेळ अर्जदारावर येते. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा केला. तो ज्यांनी लढून मिळवला, त्यांनी तरी ही ओळ कायदा होण्यापूर्वी वाचायला हवी होती.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना, आणि इतरांनाही, एक विनंती. चालू अधिवेशनात मांडलेलं कोणतंही एक विधेयक घ्या. पहिल्या पानावर ते ‘पुरःस्थापित रूपात’ असल्याची खूण पाहा, मग सरळ शेवटच्या पानावर जा, जोडपत्र आणि अधिकार सोपवण्याचं ज्ञापन वाचा आणि तिथून कलमांकडे या. तपशिलाच्या नावाखाली तुमचा हक्क सरकारकडे सोपवलेला एखाद्या कलमात आढळला, तर कलमाचा क्रमांक देऊन आपल्या खासदारांना लिहा. विधेयक स्थायी समितीकडे गेलं असेल तर समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सूचना मागवते, तिथे मुदतीत पाठवा. मलाही कळवा. संयुक्त बैठकीवरचा लेख पुढच्या आठवड्यात.