शीलाची परीक्षा शरीरात नसते

नांदगाव पेठहून नागपूर महामार्गाने पुढे गेले की शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी वैद्यकीय पुस्तकांतील एका जुन्या प्रकरणाला आव्हान दिले. ‘कौमार्याची लक्षणे’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जाणाऱ्या मजकुराला शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी अहवालाद्वारे मांडले. २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून वगळला. पुस्तकातून गेलेला हा समज घरांतून मात्र पूर्णपणे गेलेला नाही.

या गैरसमजाचे मूळ एका शब्दात आहे. योनिमुखाशी असलेल्या पातळ, लवचिक पटलाला मराठीत ‘कौमार्यपटल’ म्हटले गेले आणि नावावरूनच ते कौमार्याचा पुरावा ठरले. वस्तुतः हा बंद पडदा नव्हे. मासिक पाळीचा स्राव त्यातूनच बाहेर येतो. त्याची ठेवण प्रत्येक स्त्रीत निराळी असते. खेळ, व्यायाम वा किरकोळ दुखापत यांमुळेही त्यात बदल होऊ शकतो. उलट, पतिपत्नी-संबंधानंतरही ते जसेच्या तसे राहू शकते. पहिल्या रात्री अनेक स्त्रियांना रक्तस्राव होतच नाही. म्हणून चादरीवरील डागावरून सुनेविषयी काहीही ठरवणे हा तिच्यावर घोर अन्याय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, कौमार्य सिद्ध करणारी कोणतीही तपासणी अस्तित्वात नाही. त्याच सुमारास महाराष्ट्रात कंजारभाट समाजातील सुशिक्षित तरुणांनी आपल्याच समाजातील कौमार्य परीक्षेच्या रूढीविरुद्ध मोहीम उभारली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अत्याचारपीडितेची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानले जाईल, असे बजावले.

मग शीलाचे मूल्य कमी होते काय? मुळीच नाही. श्रावकाच्या अणुव्रतांतील ब्रह्मचर्य हे मन, वचन आणि आचरण यांच्या संयमाचे व्रत आहे. त्याचे बंधन स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच आहे. ज्या व्रताची खूण पुरुषाच्या देहावर कोणी शोधत नाही, ती स्त्रीच्या देहावर शोधणे न्यायाचे नाही, धर्माचेही नाही.

अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. जुलै २०२० मध्ये बडनेरा येथे करोना तपासणीच्या नावाखाली एका तंत्रज्ञाने तरुणीच्या योनिमार्गातून नमुना घेतला. तिला संशय आला, तिने भावाला सांगितले. भावाने डॉक्टरांना विचारले, तेव्हा अशी तपासणी नसतेच, हे उघड झाले. पोलिसांत तक्रार झाली आणि २०२२ मध्ये अमरावतीच्या न्यायालयाने आरोपीस दहा वर्षांची शिक्षा सुनावली. ती तरुणी घरी बोलू शकली, म्हणून न्याय मिळाला. संकोचापोटी गप्प राहिली असती, तर गुन्हेगार मोकळाच राहता.

विवाहापूर्वी आरोग्याची चौकशी अवश्य करावी. मात्र ती योग्य गोष्टींची आणि दोन्ही बाजूंची असावी. वधू-वर दोघांचीही एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, थॅलेसेमिया व सिकलसेल यांची रक्ततपासणी उपयुक्त ठरते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात सर्वाधिक परिणामकारक असते. ती दिल्याने मुलीचे वर्तन बिघडते, ही भीती निराधार आहे. वयात येणाऱ्या मुलग्यांनाही स्वप्नावस्था हा रोग नसून देहधर्म आहे, हे वडिलांनीच सांगितले, तर ‘गुप्तरोग’ तज्ज्ञांच्या जाहिरातींना ते बळी पडणार नाहीत.

दुकानातील माल आपण पारखून घेतो. पण कन्या हा माल नव्हे. तिच्या अंगावर पुरावा शोधण्यापेक्षा, कोणताही प्रश्न निर्भयपणे विचारता येईल असे घर तिला माहेरी मिळावे आणि सासरीही मिळावे.