हृदयातील छिद्र आणि आकार न विसरणारी तार

नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांवर मोफत उपचार होतात. तिथे बिल भरण्याची खिडकीच नाही. अशा रुग्णालयांत काही मुलांच्या हृदयातील छिद्र छाती न उघडता बुजवले जाते. ते कसे, हे समजायला थोडे धातुशास्त्र लागते. म्हणून नायटिनॉल शिकवताना मी चष्म्याच्या फ्रेमऐवजी हेच उदाहरण घेतो.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र आहे असे धरा. डावीकडचा दाब उजवीकडच्यापेक्षा थोडासा जास्त असतो. त्यामुळे फुप्फुसातून नुकतेच आलेले रक्त छिद्रातून उजवीकडे जाते आणि पुन्हा फुप्फुसात पोहोचते. उजव्या कप्प्यांवर भार पडून ते फुगतात. मूल मात्र बरीच वर्षे खेळते, शाळेत जाते. घरच्यांना शंकाही येत नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेत किंग आणि मिल्स यांनी असे छिद्र प्रथमच कॅथेटरमधून बंद केले. त्यांच्या उपकरणाला बरीच जाड नळी लागे. पुढे कर्ट अँप्लाट्झ यांनी नायटिनॉलच्या तारांची जाळी वापरली. मधली कंबर २० मिलिमीटरची असेल, तर डावी तबकडी ३४ मिलिमीटरची असते. तरीही हे सगळे सुमारे ३ मिलिमीटरच्या नळीत मावते! पोलादाची तार अर्धा टक्का ताणली की कायमची वाकू लागते. नायटिनॉल सुमारे ८ टक्के विकृती सोसून मूळ आकारात परतते. नळीतल्या दाबाखाली त्याची स्फटिकरचना ऑस्टेनाइटची मार्टेन्साइट होते. दाब सुटला की शरीराच्या तापमानाला ती पुन्हा ऑस्टेनाइट होते.

नळी जांघेतील शिरेतून उजव्या कप्प्यात आणि छिद्रातून डावीकडे नेतात. आधी डावी तबकडी उघडतात, ती पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढतात, मग उजवी उघडतात. नंतर तार हलवून पकड तपासतात. ती समाधानकारक नसेल, तर उपकरण पुन्हा नळीत ओढून घेता येते. सोनोग्राफीवर सगळे ठीक दिसले, तरच पेच फिरवून तार सोडवतात. आतल्या पॉलिएस्टर कापडावर रक्त गोठते आणि काही महिन्यांत वरून ऊती वाढतात. तोवर बहुधा ॲस्पिरिन देतात.

आता खरी अट. उपकरण टिकते ते भोवतालच्या काठावर, छिद्रावर नव्हे. साधारण ५ मिलिमीटर काठ हवा. पुढचा, महाधमनीकडचा काठ कमी असला तरी बऱ्याचदा निभावते. छिद्र पडद्याच्या मध्यभागी असले तरच हा उपाय. ते झडपांलगत किंवा महाशिरेच्या तोंडाशी असेल, तर शस्त्रक्रियाच लागते. आईवडील ‘बिनटाक्यांचे करा’ म्हणतात, पण निर्णय काठ पाहून होतो.

आणि फार उशीर झाला, फुप्फुसाचा दाब खूप चढून प्रवाह उलटा झाला, तर ते छिद्र बुजवत नाहीत. तेव्हा उजव्या बाजूला दाब सोडायला तेवढीच वाट उरलेली असते.