इंजिनाचा दाबमापक खरे सांगतो का?

पेट्रोलवर चालणारी मोटार काळा धूर सोडू लागली, पेट्रोल भराभर संपू लागले, तर दोष कोणाचा? पुष्कळदा संशय येतो तो काड्यापेटीएवढ्या एका भागावर. त्याचे नाव मॅप सेन्सर. येथे मॅप म्हणजे नकाशा नव्हे. ‘मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. ही हवा ज्या नळ्यांतून सिलिंडरांत जाते, तो इनटेक मॅनिफोल्ड. त्याच्या तोंडाशी एक झडप असते. गाडी उभी असून इंजिन चालू असते, तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्ये हवा ओढत राहतात, त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते आणि दाब बाहेरच्या हवेइतका होऊ लागतो. हा दाब, इंजिनाची गती आणि हवेचे तापमान यांवरून गाडीतील संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो.

हा दाब मोजतो कोण? सेन्सरमधील सिलिकॉनचा पातळ पडदा! त्याच्या एका बाजूस कायमची निर्वात पोकळी, तर दुसऱ्या बाजूस मॅनिफोल्डमधील हवा. दाबाने पडदा वाकतो आणि त्याचा विद्युत्-रोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुणधर्म चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला.

आता परीक्षा. इंजिन बंद असले की मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा भरलेली असते. तेव्हा सेन्सरने त्या गावचा वातावरणाचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत, समुद्रसपाटीस, तो सुमारे १०१ किलोपास्कल; पण सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास सुमारे ८६. हे न जाणता तेथे मुंबईचा आकडा शोधणारा मिस्त्री चांगला सेन्सर फेकून देईल!

किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. सेन्सरच्या तारा बहुधा तीन असतात: ५ व्होल्ट पुरवठ्याची, अर्थिंगची आणि संदेशाची. मल्टिमीटरने प्रथम पुरवठा पाहावा, मग संदेश. समुद्रसपाटीस संदेश साधारणपणे ४ व्होल्टांहून अधिक असतो. नंतर हाताने चालणाऱ्या छोट्या निर्वात पंपाने सेन्सरच्या तोंडाशी हळूहळू हवा ओढावी. दाबाच्या प्रमाणात व्होल्टेजही उतरले पाहिजे आणि हवा आत सोडताच पूर्ववत झाले पाहिजे. ते अडकले किंवा त्याने उड्या मारल्या, तर सेन्सर सदोष समजावा.

पण सेन्सर परीक्षेत उतरला आणि धूर मात्र तसाच राहिला, तर? काही गाड्यांत मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंत रबरी नळी असते. तिला चीर पडली की बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर आपल्यापर्यंत पोहोचलेला दाब अचूक सांगतो. तो असतो मात्र जास्त. संगणकाला वाटते, इंजिनात पुष्कळ हवा आली. तो जादा पेट्रोल सोडतो. दोष नळीचा, शिक्षा सेन्सरला!

म्हणून कोणत्याही मापकावर आरोप करण्यापूर्वी त्याला आपल्याला आधीच ठाऊक असलेली राशी मोजायला द्यावी. तुमच्या प्रयोगशाळेतील तापमापक वितळत्या बर्फात धरून पाहा. तो शून्य अंश दाखवतो का?