औद्योगिक प्रदर्शने : हौसे, नवसे आणि गवसे

यंत्रांच्या प्रदर्शनाला जाण्यात पैसा वाया जातो की वसूल होतो, हा वाद आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत नेहमी ऐकू येतो. तेथे माझ्या मामांचे लहानसे मशीनशॉप आहे. बँकेचे कर्ज काढून एक सीएनसी यंत्र घ्यावे, असे त्यांच्या मनात आहे. सुट्टीत त्यांच्या वह्या मीच लिहितो. त्यामुळे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने या वादाचा हिशेब मांडून पाहावा असे वाटले.

पूर्वी जत्रेत माल आणून तेथेच विकीत. पुढे कारखान्यांत एकसारखा माल निघू लागला आणि रेल्वेने तो मागाहून पाठविता येऊ लागला. तेव्हा १८९५ साली जर्मनीतील लाइपझिग येथे नमुन्यांची जत्रा भरली. नमुना पाहायचा आणि मागणी नोंदवायची, ही ती पद्धत. आजची प्रदर्शने याच वंशातली. आपल्याकडील 'इम्टेक्स' हे यंत्रांचे प्रदर्शन १९६९ पासून भरत आले असून, अलीकडे ते बेंगळुरूला भरते.

यात दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले स्टॉल मांडणाऱ्याचे. जागेचे भाडे, मांडणी, मालवाहतूक, माणसांचा मुक्काम हे सारे धरून समजा दोन लाख रुपये खर्च आला. दोनशे जणांनी कार्डे दिली, त्यांतील वीस चौकशा खऱ्या निघाल्या आणि दोन गिऱ्हाइके मिळाली. म्हणजे एक गिऱ्हाईक एक लाखाला पडले! ते वर्षाला तीस हजारांचा नफा देत असेल, तर खर्च भरून निघायला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. गिऱ्हाईक एका ऑर्डरीनंतर फिरकले नाही, तर मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरे खाते पाहायला जाणाऱ्याचे. त्याचा खर्च प्रवास, मुक्काम आणि बुडालेले दोन-तीन दिवस एवढाच. उलट चुकीचे यंत्र गळ्यात पडले, तर त्याचे हप्ते वर्षानुवर्षे फेडावे लागतात. आपल्या कामाचे ड्रॉइंग खिशात घेऊन सहा उत्पादकांना एकच प्रश्न विचारावा : हा भाग किती वेळात, किती अचूक निघेल, आणि यंत्र बंद पडले तर बेळगावात दुरुस्तीला कोण येईल? सहा उत्तरे एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवता येतात, ती घरबसल्या पत्रके वाचून मिळत नाहीत. बैलबाजारात शेतकरी दात पाहिल्याशिवाय बैल घेत नाही, त्यातलाच हा प्रकार.

जत्रेत हौसे, नवसे आणि गवसे असे तिघे येतात म्हणतात. प्रदर्शनातही तेच. पिशवीभर पत्रके गोळा करणाऱ्या हौशाला खर्च महागच पडतो. म्हणून माझे मत असे : लहान कारखानदाराने आधी प्रेक्षक म्हणून जावे, प्रश्न लिहून न्यावेत आणि परतल्यावर आठवड्याच्या आत पत्रव्यवहार सुरू करावा. स्टॉलचा विचार त्यानंतर, आणि तोही गिऱ्हाईक टिकवण्याइतका माल वेळेवर देता येत असेल तरच. मामांना मी हेच सांगितले आहे. शैक्षणिक सहलीला निघणाऱ्या आपल्या विद्यार्थिमित्रांनीही निदान एक प्रश्न बरोबर न्यावा.