एकाच दिशेची अंतरे

बुऱ्हाणपूर शहराबाहेर विहिरींची एक लांब रांग आहे. तिला कुंडी भांडारा म्हणतात. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत, इराणी जलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने ती योजिली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी अडवून शंभराच्या आसपास कुंड्या भूमिगत बोगद्याने जोडण्यात आल्या. मोट नाही, रहाट नाही. केवळ उतारामुळे पाणी एका कुंडीतून दुसरीत जाते.

पहिल्या कुंडीत टाकलेली काडी नऊ टप्प्यांनी दहाव्या कुंडीत पोहोचेल. दहावीत टाकलेली मात्र पहिलीत कधीच येणार नाही. म्हणजे जाण्याचे अंतर नऊ, आणि येण्याचे अंतर अस्तित्वातच नाही. अशा रचनेस गणितज्ञ दिशायुक्त जाळे म्हणतात.

ही रचना हेतुपूर्वक केलेली आहे. पण वाटा दैवावर सोडल्या तर? समजा, एक लाख ठिकाणे आहेत आणि प्रत्येकाने चिठ्ठ्या टाकून दहा ठिकाणांकडे एकेरी वाट काढली. पहिल्या पावलात दहा ठिकाणे गाठता येतात, दुसऱ्यात सुमारे शंभर, तिसऱ्यात सुमारे हजार. पाच-सहा पावलांत जवळजवळ सारी. ठिकाणे दसपट केली तरी अंतर सुमारे एका पावलानेच वाढते. मात्र दर ठिकाणाहून सरासरी एकाहूनही कमी वाटा निघत असतील, तर साखळ्या लवकरच तुटतात आणि बहुतेक ठिकाणे परस्परांस अगम्य राहतात.

प्रत्यक्षातील जाळी पूर्णपणे यदृच्छेने घडत नाहीत. इंटरनेटवरील सुमारे वीस कोटी पानांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. कोणतीही दोन पाने घेतली, तर एकीवरून दुसरीकडे नेणारी वाट शेकडा चोवीस वेळाच सापडली. सापडली तेव्हा ती सरासरी सोळा टप्प्यांची होती. दिशेचे बंधन काढताच अंतर सुमारे सहावर आले. अंतर वाढविते ती दिशा, हेच यावरून दिसते.

बुऱ्हाणपुरास यातून एक व्यावहारिक बोध मिळतो. अनेक वाटांच्या जाळ्यात एक वाट बुजली, तर दुसरी सापडते. साखळीत तसे नाही. मधला एक बोगदा ढासळला, की वरचे सारे पाणी खालच्या कुंड्यांस अंतरते. वर मिसळलेली घाण मात्र खाली सर्वांपर्यंत जाते. म्हणून अशा भांडाराची राखण शेवटच्या कुंडीपाशी नव्हे, तर उगमापाशी सुरू व्हावयास हवी.