निंबाच्या सावलीत ध्यानमंडप

‘ध्यानमंडप’ हा शब्द कानी पडताच अनेकांच्या डोळ्यांपुढे घुमट, संगमरवर आणि कारंजी उभी राहतात. मुंबईत गोराईला २००९ साली खुला झालेला विश्व विपश्यना पॅगोडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील एकही खांब नसलेले, सुमारे ८,००० साधकांना सामावून घेणारे दालन आठवेल. ती भव्यता त्या स्थळी शोभते. आपल्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा शेतातल्या घरापाशी आठ-दहा ज्येष्ठांना बसता यावे, एवढीच आपली अपेक्षा असेल, तर आदर्श दूर शोधण्याची गरज नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाने ओळखले जाणारे आपले ग्रामदैवत तलावाच्या पाण्यात विराजमान आहे. अक्कलकोटला स्वामी समर्थांचे स्थान वटवृक्षाखाली आहे. आणि गावोगावचा पार तर आपण सर्वांनीच अनुभवला आहे. झाड, ओटा, वारा आणि चार ओळखीची माणसे, यांहून अधिक काही त्यात नसते.

झाडाच्या सान्निध्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचा वैद्यकशास्त्राने विचार केलेला आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. ध्यानाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, झोप सुधारू शकते. परंतु म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे घातक आहे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता बांधणीकडे वळू. सोलापुरात पहिला शत्रू ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मावळतो तो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. म्हणून मंडपाच्या पश्चिम व वायव्य बाजूंना दाट सावलीची झाडे असावीत आणि पूर्व बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे थंडीत कोवळे ऊन गुडघ्यांवर येते. छपराला नुसता पत्रा घालू नये. तो तापून खाली बसणाऱ्यावर उष्णता ओततो. घालावाच लागला तर त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा, मात्र आगीपासून जपावे. आपल्या जुन्या वाड्यांची मातीची माळवदे उन्हाळ्यात थंड का राहत, हे ज्यांनी तेथे दुपारी झोप काढली आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. भिंती नकोत, वारा खेळता राहिला पाहिजे.

दुसरी अडचण पायाखाली आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट बसवलेली फरशी दोन वर्षांत वरखाली होते. एरवी क्षुल्लक वाटणारी अर्ध्या इंचाची ही उंचसखलता पंचाहत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडायला पुरेशी असते. काळी माती काढून मुरमाची चांगली भर व दबाई करावी आणि वर खडबडीत शहाबादी फरशी बसवावी. गुळगुळीत ग्रॅनाइट कितीही देखणा दिसला तरी टाळावा. शहरातील एका सोसायटीत तीन पायऱ्यांचा, चकचकीत फरशीचा, कठडा नसलेला मंडप मी पाहिला आहे. उद्घाटनाला गर्दी झाली. पुढे मात्र तेथे मुले क्रिकेटचे साहित्य ठेवू लागली. ज्या आजी-आजोबांसाठी तो बांधला, ते समोरच्या कट्ट्यावर बसत. मला त्यांचा निर्णय योग्यच वाटला.

पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते सहा इंच उंच पुरते. त्यासाठी उतार किमान सहा फूट लांबीचा हवा आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा. बैठक जमिनीवरच असली पाहिजे, हा आग्रह सोडावा. गुडघे दुखत असताना मांडी घालून बसलेल्या माणसाचे चित्त श्वासावर नव्हे, गुडघ्यावर असते! सतरा-अठरा इंच उंचीचा, पाठ टेकता येईल असा आणि उठताना हाताला आधार देणारा बाक उत्तम. वर आपली सोलापुरी चादर अंथरावी, पण फरशीवर नको, तेथे ती पायात अडकते. फरशी आणि जोत्याची कड यांचे रंग वेगळे ठेवावेत. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एकाच रंगाची पायरी दिसत नाही.

स्वच्छतागृह जवळ हवे. लघवीच्या गोळ्या घेणारे कित्येक जण केवळ या एका चिंतेने घराबाहेर पडत नाहीत आणि संकोचाने कारणही सांगत नाहीत. काळजीवाहकांनी ते ओळखावे.

झाडांविषयी थोडे सविस्तर. कडुनिंब आपल्या कोरड्या हवेला सर्वांत सोसणारा. करंज, बहावा, बकुळ हेही चांगले. जांभूळ आणि उंबर मात्र बसण्याच्या जागेपासून दूर लावावेत, पडलेल्या फळांवरून पाय घसरतो. निंबाच्या लिंबोळ्या पडू लागल्या की रोज सकाळी झाडलोट हवीच. भोवताली गाजर गवत उगवू देऊ नये. त्याने त्वचेला खाज सुटते आणि दमाही बळावतो. कारंजे किंवा कमळकुंड करायचेच असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत, नाहीतर शांतीबरोबर डेंग्यूचे डासही येतील. पाखरांच्या पाण्याचे भांडे रोज घासून भरावे. फांदीवर मधमाश्यांचे पोळे आहे का, हे अधूनमधून पाहावे, आणि उदबत्तीचा धूर दमेकऱ्यांसाठी टाळावा.

बसण्याची वेळ उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतली. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. डोळे मिटून बसण्याची सक्ती नको. नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाला मिटल्या डोळ्यांत फार काही दिसते. त्याने उघड्या डोळ्यांनी एखादी फांदी पाहावी, बुलबुलाचा आवाज ऐकावा. स्मृतिभ्रंश असलेल्यांसोबत कोणीतरी असावेच. उठताना आधी पाय हलवावेत, मिनिटभर बाकावरच थांबावे, मग उभे राहावे; रक्तदाबाच्या औषधांमुळे एकदम उठल्यास घेरी येते.

रोपे पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावावीत. खड्डे मात्र मे महिन्यातच घेऊन ठेवावेत आणि माती उन्हाने तापू द्यावी.